ब्रेक मारायचा की लावायचा

परवा फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तू म्हणतेस ब्रेक मार, आजोबा म्हणतात ब्रेक लाव. बरोबर कोणतं?" तुझा भाऊ मागून ओरडला की मारणे म्हणजे हिट, म्हणून आजी चूक. मी हसून विषय बदलला, कारण आजोबा शेजारच्या खुर्चीतच बसले होते आणि त्यांच्यासमोर या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. तुमच्या आईने हे आधी स्वतः वाचावं आणि मग तुम्हाला वाचून दाखवायचं का ते ठरवावं. यात मारहाण आहे, रक्त आहे, आणि मी एका माणसाचं मनगट मोडलं तेही आहे.

भावाला एवढं सांग की इंग्रजीतही माणसं ब्रेक हिट करतात. नोकरीभर मी तीच भाषा शिकवली, तेव्हा या बाबतीत त्याने माझ्याशी वाद घालू नये.

आपल्याकडे गाडीचं प्रत्येक काम मारूनच होतं. गाडी चालू करायला सेल मारायचा. म्हशी रस्त्यात बसल्या तर हॉर्न मारायचा. चाकात हवा मारायची, सांध्यांना ग्रीस मारायचं, पत्र्याला रंग मारायचा, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर चार माणसं बोलावून धक्का मारायचा. लहानपणापासून कानावर पडलेलं असल्यामुळे यात मार कुठे आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याही आलं नव्हतं.

गाडी तुम्ही पाहिली आहे. तीच उंच पांढरी डिझेलची, जिच्या मागच्या दोन बाकांवर तुम्ही समोरासमोर बसून एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारत होतात. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा ती घेतली. आजोबा गुरांचे डॉक्टर. जिंतूरच्या डोंगरातल्या तांड्यांपासून गंगाखेडला गोदावरीच्या काठापर्यंत कुठे गाय अडली, कुठे बैलाच्या पोटात तार गेली, की हीच गाडी निघायची. तिच्या मीटरमध्ये पाचच आकडे आहेत. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पाचही आकडे एकदम फिरतात आणि शून्य येतं. असं पाचदा झालेलं आहे. प्रत्येक वेळी आजोबा गाडी कडेला घेत, खाली उतरत आणि बाळंत झालेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवत.

इतकी वर्षं गाडी चालली ती नुसत्या मायेने नाही. माया आजोबांची होती: ऑइल काळं पडायच्या आधी बदलायचं, सकाळी इंजिन गरम झाल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही, लांबून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ तशीच धडधडू द्यायची. बाकीचं काम मिस्त्रीचं. त्याचं गॅरेज स्टेशनच्या पलीकडे आहे आणि त्याच्या हाताशी सगळ्यात जवळ नेहमी घण असतो. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा हळू. केवढ्याने मारता!" तर म्हणाला, "मॅडम, ये गाडी और मेरा छोटा साला, दोनों एकच जात के. प्यार से बोले तो सुनतेच नै." आणि आणखी जोरात हाणला.

गाडीनेही त्याची परतफेड केली. एकदा जॅक सरकला आणि तिने त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर घेतलं. जिंतूरच्या चढावर पाण्याचा पाइप फुटला आणि उकळतं पाणी आजोबांच्या कोपरापर्यंत उडालं, तो डाग तुम्ही पाहिला आहे. इंजिन दोनदा पूर्ण खोललं. दुसऱ्या वेळी ते साखळीला टांगलेलं होतं, फाशी दिल्यासारखं, आणि मिस्त्री त्याच्याभोवती फिरत शिव्या देत होता. तो शिव्या देत नसेल तर मात्र काळजी करावी. मग गाडीला खरंच काहीतरी झालेलं असतं.

सुरुवातीला म्हटलं ती मारहाण झाली तेव्हा आजोबा निवृत्त झालेले होते. उसाचे दिवस होते. आधी एक रोही गाडीपुढे आला. रोही म्हणजे नीलगाय. आपल्या भागात कळपच्या कळप आहेत. संध्याकाळी तुरीतून एक नर उडी मारून थेट बंपरवर आला. बंपर लोखंडी, जुन्या पद्धतीचा, तरी आत वाकला. जनावराचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. आजोबा त्याच्या मानेशी बसले. वाचवण्यासारखं काही नव्हतं आणि ते फार वेळ ओरडत होतं. घरी येऊन आजोबांनी अंगणात नळीने बंपर धुतला आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने बंपर घणाने ठोकून सरळ केला. पोचा राहिलाच, पण म्हणाला, चालेल. वर रेड ऑक्साइड मारलं. पांढऱ्या रंगाच्या आधी लोखंडाला गंजू नये म्हणून जो विटकरी लाल रंग देतात तो. हात भरून दिला आणि बजावलं, "डॉक्टरसाब, दो दिन छूना नक्को. सूखने दो. फिर सफेद मारता." गाडीचा सेलही तेव्हा दम तोडत होता. चावी फिरवली की कधी चालू व्हायची, कधी नुसतं टक् वाजायचं. नवा सेल यायचा होता. तोवर गाडी उतारावर उभी करायची, म्हणजे हात ब्रेक सोडला की ती आपसूक घरंगळते आणि गिअर टाकला की चालू होते. त्या महिन्यात आम्ही कुणाच्याही घरी गेलो तरी आधी उतार शोधायचो. माझ्या बहिणीच्या घरापुढे उतार आहे, म्हणून त्याच दिवशी आम्ही तिच्याकडे गंगाखेडला गेलो. जेवलो आणि दुपारी परत निघालो.

रस्त्यात एक गाव लागतं. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला तिथून जायचं झालं तर मनात किंतु नको. गावाच्या अलीकडे आमच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॅक्टर आणि आमच्यामध्ये एक मोटारसायकल. चालवणारा विशी-पंचविशीतला तरुण, पांढरा शर्ट. मागच्या ट्रॉलीवरून एक मोळी सुटली आणि त्याच्या पुढ्यात पडली. त्याचं चाक उसावर गेलं. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. डोकं डांबरावर आपटल्याचा आवाज मला काच बंद असूनही ऐकू आला. नारळ फुटतो तसा.

आजोबांनी सगळ्या जोराने ब्रेक मारला. तेव्हा आम्ही दोघंही असंच म्हणायचो. क्लच दाबायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे गाडी झटका खाऊन जागेवर बंद पडली. बंपर आणि त्या मुलाचं डोकं यांच्यात हातभर जागा राहिली असेल. आम्ही त्याला शिवलोसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात काही कळलंच नाही. तो तसाच निघून गेला.

मग त्या मुलाने एक गोष्ट केली. शुद्ध जायच्या आधी त्याने उठायचा प्रयत्न केला. समोर धरण्यासारखं एकच होतं. त्याने दोन्ही हातांनी आमचा बंपर धरला, अर्धवट उठला, हात छातीवर दाबले आणि तसाच मागे कोसळला.

माणसं धावत आली तेव्हा त्यांना दिसलं ते असं. पोचा पडलेला बंपर. बंपरवर ओला लाल रंग, त्यात बोटांचे ओरखडे. खाली पडलेला मुलगा, तळहात लाल, शर्टावर लाल पंजे, आणि डोक्यामागून खरं रक्त डांबरावर पसरत चाललेलं. त्यांच्या जागी मी असते तरी दुसरं काही समजले नसते.

"मारला! गाडीवाल्यानं पोराला मारला!"

आजोबा उतरून त्या मुलाच्या मानेखाली हात घालायला वाकले होते. कुणीतरी त्यांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं आणि पहिली थप्पड बसली. चष्मा उडाला. आजोबांनी बंपरकडे बोट केलं आणि ओरडून सांगायला लागले, "अहो, रक्त नाही ते! कलर आहे, कलर! सकाळीच मारलाय!"

गलका इतका होता की पुढच्या दोघांपलीकडे कुणाला 'कलर' ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं ते शेवटचं.

"काय म्हनतोय म्हातारा?"

"सकाळी बी एक मारलाय म्हनतोय!"

"सकाळी बी? अन् सोता सांगायलाय? धरा, धरा त्याला!"

आजोबा आणखी जोराने ओरडू लागले. "मारलाय! मिस्त्रीनं मारलाय! स्टेशनजवळ!" मी आतून पाहत होते. प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दाला त्यांना एक फटका बसत होता.

रस्त्यावर ऊस पडलेलाच होता. तुम्ही ऊस खाल्ला आहे, पण उसाने मारतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. ओला ऊस काठीपेक्षा जड असतो. तो पाठीवर मोडतो तेव्हा कडकन आवाज होतो, आणि मग तुटलेल्या टोकाने मारतात. एकाचा मोडला की तो खाली वाकून दुसरा उचलायचा. आजोबांचा सदरा रसाने भिजला. ते गुडघ्यांवर आले. डोक्यावर हात धरले तर बरगड्यांवर बसायचा, बरगड्या धरल्या तर तोंडावर. एक दगड समोरच्या काचेवर आला आणि सगळी काच माझ्या मांडीत पडली. दुसऱ्याने दिवा फोडला, तिसऱ्याने आरसा पिरगाळून काढला.

तेवढ्यात एकाने फुटलेल्या काचेतून आत डोकं घातलं. डॅशबोर्डवर बुद्धाची लहान पांढरी मूर्ती आहे, तुमच्या पणजीने चिकटवलेली. ती पाहून त्याने मागे वळून सांगितलं, ही गाडी कुणाची आहे ते. माणसाचं नाव नाही सांगितलं. जात सांगितली. आपण बौद्ध आहोत आणि माझे वडील त्याच अभिमानाने जगले, पण त्याने जो शब्द वापरला तो माझ्या वडिलांच्या लहानपणीचा होता आणि मी तो इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्याआधी ते एका गाडीवाल्याला मारत होते. त्यानंतर मारण्याची पद्धत बदलली. जे नुसते उभे होते तेही पुढे आले.

सीटखाली टॉमी असते. टॉमी म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी दांडी. ती घेऊन मी उतरले. एक उंच माणूस आजोबांचे केस धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या डाव्या डोळ्यावर मारत होता. मुठीने, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. तो त्या पडलेल्या मुलाचा मामा होता हे नंतर कळलं. मी दोन्ही हातांनी टॉमी उचलली आणि त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडलं ते मला हातात जाणवलं. तो ओरडला आणि बसला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

एका क्षणापुरती जागा झाली. मला दोन गोष्टी दिसल्या. आजोबांची मान लटकत होती. आणि त्या मुलाच्या डोक्याखालचं रक्त त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं. त्याच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्यासाठी म्हणून चाललेल्या मारामारीत तो एकटा पडून मरत होता. गाडी एकच होती, आमची.

मी चालवायच्या जागेवर चढले आणि चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. रस्ता सपाट, उतार कुठेही नाही. गर्दी पुन्हा जवळ येत होती. मी हात जोडले असते तर काय झालं असतं माहीत नाही. ते मला सुचलं नाही. सुचलं ते त्या महिनाभरात उतार नसेल तिथे कुणाला ना कुणाला म्हणत होते तेच. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा वर्गातला आवाज अजून शाबूत होता. काच नव्हतीच, तिथूनच मी ओरडले,

"अरे, बघता काय! पोरगं मरायलंय तुमचं! उचला त्याला, आत टाका, अन् धक्का मारा! मारा धक्का!"

आपल्याकडे एक गोष्ट आहे, ती तुम्हाला तिकडे दिसणार नाही. बंद पडलेल्या गाडीवाल्याने धक्का मारा म्हटलं की माणूस हातातलं टाकून येतो. कोण, कुठला, विचारत नाही. ते त्याच्या हातांना माहीत असतं. मी पाहिलं, एकाने हातातला ऊस टाकला. मग दुसऱ्याने.

"सेल मारा की बाई!"

"सेल गेलाय! धक्का मारा!"

"मंग दुसऱ्यात टाका. पहिल्यात नका टाकू, झटका देईल."

"चावी चालू हाय का बगा आदी!"

"हात ब्रेक सोडला का? लय जणं सोडतच न्हाईत!"

ज्या तोंडांतून आत्ता शिव्या येत होत्या त्याच तोंडांतून सल्ले यायला लागले, आणि सगळे बरोबर होते. चौघांनी त्या मुलाला चादरीसारखं अलगद उचलून मागच्या बाकावर ठेवलं. मामा मोडलेला हात छातीशी धरून आत चढला आणि भाच्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी म्हटलं, "अन् आमचं माणूस?"

"त्याला कामून घ्यायचं?" कुणीतरी म्हणालं. "पडू द्या त्याला तिथंच."

त्यावर गर्दीतला एक म्हातारा खेकसला, "येडा हायेस का रं? त्याला न्हाई घेतलं तर बाई क्लच सोडंल का?"

हे सगळ्यांना पटलं. ज्यांनी मारलं होतं त्यांनीच आजोबांना काखेत धरून माझ्या शेजारी आणून बसवलं. एकाने त्यांचा पाय आत उचलून ठेवला आणि दार लावलं. दुसऱ्याने त्यांचा मोडका चष्मा माझ्या मांडीवर, काचांच्या तुकड्यांत ठेवला.

"मारा रे! एक, दोन, मारा!"

गाडी हलली. मी दुसरा गिअर टाकला, वेग येऊ दिला आणि क्लच सोडला. एक दणका, मग दुसरा, मागून काळा धूर, आणि इंजिनाने पकडलं. मागे गर्दीतून आनंदाचा ओरडा आला. खरंच आनंदाचा. तो आवाज मला अजूनही समजलेला नाही.

परभणीचा दवाखाना अर्ध्या तासावर. समोर काच नाही, वारा डोळ्यांत, काचेचे कण वाऱ्याने उडून गालाला लागत होते. गाडी मी आधीही चालवत होते, पण दुपारच्या रस्त्यावर, आजोबा शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणत असताना. त्या दिवशी ते काही म्हणत नव्हते. त्यांच्या नाकातून येणारं रक्त मी एका हाताने पदराने टिपत होते. मागून मामा दर दोन मिनिटांनी ओरडायचा, "हाणा बाई, जोरात हाणा! पोरगं गार पडायलंय!"

"हाणतेच आहे," मी म्हणायची.

मध्ये बराच वेळ तो गप्प झाला. मला वाटलं, गेला मुलगा. आरसा मोडलेला, मागे पाहता येईना. मग त्याचा आवाज आला, वेगळाच.

"बाई, ह्ये रगत न्हाई."

मी गाडी हाणतच होते.

"हाताचं. पोराच्या हाताचं रगत न्हाई ह्ये. वास यायलाय. तेलाच्या रंगाचा." मग तो म्हणाला, "कलर हाय ह्यो."

शेजारून आजोबा बोलले. ओठ फाटलेले, शब्द लोळत होते. "तेच... सांगत होतो... मारलाय म्हणून."

मामा एकदम चिडून म्हणाला, "मंग नीट सांगायचं न्हाई का? आदी कलर म्हनायचं, मंग मारलाय म्हनायचं! नुस्तं मारलाय, मारलाय! मानसानं काय समजायचं?"

गाडी थांबवून त्याला खाली ढकलावं असं मला वाटलं. पण गाडी थांबवता येत नव्हती. बंद पडली असती.

दवाखान्याच्या दारातही मी इंजिन चालूच ठेवलं. आधी मुलाला नेलं, मग आजोबांना, शेवटी मामाला. मुलाला त्याच संध्याकाळी नांदेडला हलवलं. तो वाचला. बोलताना थोडा अडखळतो म्हणतात, पण शेती करतो. आजोबांच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्या जुळल्या. डावा डोळा गेला. तुम्हाला आम्ही मोतीबिंदू बिघडला म्हणून सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

मामा दोन दिवस आजोबांच्याच खोलीत, समोरच्या खाटेवर होता, प्लास्टर घालून. दोघं एकमेकांकडे पाहत नसत. तिसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा त्याने सांगितलं की उसावरून घसरून भाचा पडला, गाडी लागली नाही. डॉक्टरांना कुणी मारलं असं विचारल्यावर म्हणाला, लय गर्दी होती. मी तक्रार दिली, जो शब्द इथे लिहिला नाही तो तिथे लिहिला. ते प्रकरण चालू आहे.

मिस्त्री गाडी न्यायला आमच्या अंगणात आला. काच नाही, दिवे नाहीत, आरसे नाहीत, बाकांवर रक्त. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि विचारलं, "किसने मारा इसकू?" मग ओसरीवर बसलेल्या आजोबांकडे त्याचं लक्ष गेलं, पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे, आणि तो शिवी न देता खाली बसला. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. तुमच्या बाबांचा फोन आला, गाडी भंगारात द्या म्हणून. आजोबांनी फोन मिस्त्रीच्या हातात दिला. तो म्हणाला, "भय्या, ये गाडी डॉक्टरसाब को घर लायी. भंगार में तेरे कू देतूं मैं." सगळ्यात आधी त्याने नवा सेल बसवला. काच त्यानंतर.

आजोबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आता मी चालवते आणि ते शेजारी बसतात. ऑइलची तारीख, गरम होऊ देणं, थंड होऊ देणं, सगळं अजून तेच बघतात. मीटर पुन्हा बरंच पुढे गेलं आहे. फक्त त्या दिवसापासून एक क्रियापद त्यांच्या तोंडून गेलं. ठरवून गेलं की आपोआप, मी विचारलेलं नाही. त्यांच्या बोलण्यात आता हॉर्न वाजवतात, हवा भरतात, ग्रीस घालतात, रंग देतात, ब्रेक लावतात. दुधात माशी पडली तर ती काढतात. मिस्त्री त्यांच्यासमोर पहिल्यांदा म्हणाला, "अब सफेद मारता बंपर पे," तेव्हा ते उठून आत गेले. तेव्हापासून तोही त्यांच्यापुढे जपून बोलतो, आणि ते त्याला किती जड जातं ते पाहण्यासारखं असतं.

तुझा प्रश्न होता, बरोबर कोणतं. भाषेच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. घरात मी विसरते आणि मारते; ते लावतात.

गेल्या महिन्यात जिंतूरला बाजारात मी दिवे चालू ठेवून भाजी घ्यायला गेले आणि बॅटरी उतरली. परत येऊन चावी फिरवली. टक्. आजोबा आतच बसले होते. त्यांनी तो आवाज ओळखला. पलीकडे चहाच्या टपरीवर माणसं उभी होती. मी काच खाली केली, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "ढकला म्हण."

मी म्हटलं, "जरा गाडी ढकलता का?"

एक जण कप ठेवत हसला. "ढकला काय, आज्जी! धक्का मारा म्हना की! चला रे, मारा!"

पाच-सहा जण मागे धावले. पत्र्यावर तळहात पडल्याचे आवाज आले. "मारा! मारा! हां, मारा!" आजोबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि डोळे मिटून घेतले, दिसणारा आणि न दिसणारा. मी क्लच सोडला. इंजिनाने पहिल्या दणक्यातच पकडलं. ती माणसं धुरात उभी राहून हात झटकत होती, हसत होती. आजोबांनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं.

"ब्रेक लाव," ते म्हणाले. "त्यांचे आभार मानू."

मी ब्रेक लावला. इंजिन मात्र बंद केलं नाही.